चिपची जोडणी आणि दोषांचा शोध

फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, बाहेर पडलेली सेमीकंडक्टर चिप लगेच वापरता येत नाही. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, शेकडो सारखी मंडले तयार झालेली असतात आणि त्यांतल्या प्रत्येक तुकड्याला डाय म्हणतात. या डायला बाहेरून वीज पोचवण्याची सोय नसते, आत निर्माण होणारी उष्णता काढून टाकण्याची वाट नसते, ओलावा आणि धक्के यांपासून संरक्षणही नसते. वेफर कापणे, डाय बैठकीवर बसवणे, तिच्यावरच्या सूक्ष्म पॅडपासून बाहेरच्या जगापर्यंत विद्युतमार्ग जोडणे, सगळे वेष्टनात बंद करणे आणि तयार झालेली वस्तू खरोखर चालते का हे पाहणे, या कामांना मिळून जोडणी व चाचणी असे म्हणतात. कित्येक दशके हे या उद्योगाचे दुय्यम, मजुरीवर चालणारे अंग समजले गेले. म्हणूनच फेअरचाइल्डने १९६०च्या दशकात ते हाँगकाँगला नेले आणि इंटेलने १९७२ मध्ये मलेशियातल्या पेनांगला. आज चिपचा वेग, वीजवापर आणि आयुष्य यांचा मोठा हिस्सा याच टप्प्यावर ठरतो. जोडणीची प्रत्येक नवी पद्धत स्वतःचा असा दोष घेऊन येते, आणि तो बहुधा आधीच्या दोषापेक्षा जास्त खोल दडलेला असतो. त्यामुळे जोडणीचा विचार दोषशोधापासून तोडून करता येत नाही.

दोष म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकार चुकत असल्याचे उघड झाले आणि कंपनीला त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवावा लागला. ती चूक आराखड्यातली होती, म्हणून त्या काळात बनलेल्या प्रत्येक नगात होती. कारखान्यातला दोष असा सरसकट नसतो. एखादा धूलिकण, एखादी न भरलेली पोकळी किंवा अर्धवट चिकटलेला सांधा यामुळे हजारातले काही नग बिघडतात आणि बाकीचे ठणठणीत राहतात. तिसरा प्रकार सुप्त दोषांचा. नग चाचणीत उत्तीर्ण होतो, ग्राहकाच्या हाती जातो आणि काही महिन्यांच्या वापराने किंवा ऊनथंडीच्या फेऱ्यांनी मोडतो. शोधायला सर्वांत कठीण आणि निस्तरायला सर्वांत महाग असा हाच प्रकार आहे. दोष एक टप्पा पुढे सरकला की त्याची किंमत दहापट होते, हा उद्योगातला जुना ठोकताळा. वेफरवर सापडला तर एक डाय वाया जाते, पण गाडीत बसल्यावर सापडला तर गाडी परत बोलवावी लागते.

वेफरवरच्या एकूण डायपैकी किती चांगल्या निघाल्या, त्याला उतारा म्हणतात. दोष वेफरभर विखुरलेले धरले तर डाय जितकी मोठी तितकी ती दोषाच्या तडाख्यात सापडण्याची शक्यता जास्त, आणि उतारा घातांकी गतीने घटतो. दर चौरस सेंटिमीटरला ०.१ दोष असेल तर एक चौरस सेंटिमीटरच्या डायचा उतारा सुमारे ९० टक्के येतो, दोन चौरस सेंटिमीटरच्या डायचा ८२ टक्के आणि आठ चौरस सेंटिमीटरच्या डायचा जेमतेम ४५ टक्के. मोठी चिप फोडून लहान तुकड्यांत बनवण्याची आजची सारी धडपड या साध्या गणितातून निघाली आहे.

शोधाची सुरुवात वेफरवरच होते. प्रकाशीय यंत्रे वेफरवर झोत टाकून शेजारशेजारच्या दोन डायच्या प्रतिमा ताडून पाहतात. दोन्ही सारख्याच असायला हव्यात, म्हणून जिथे फरक पडतो तिथे संशय. एका पद्धतीत सरळ परावर्तित प्रकाश पाहिला जातो, दुसरीत फक्त विखुरलेला. दुसरीत गुळगुळीत पृष्ठभाग काळा दिसतो आणि त्यावरचा कण चमकून उठतो. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक दोषांसाठी इलेक्ट्रॉन झोत वापरतात, पण तो इतका संथ असतो की संपूर्ण वेफर त्याने तपासणे परवडत नाही. निवडक जागाच पाहाव्या लागतात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली केएलए ही कंपनी या यंत्रांच्या क्षेत्रात अग्रेसर आहे. खरी अडचण दिसण्याची नसून निवडण्याची आहे, कारण यंत्राला सापडलेल्या खुणांपैकी पुष्कळशा निरुपद्रवी असतात. मंडल मोडणारा दोष आणि नुसता डाग यांत फरक करणे हे पूर्वी अनुभवी तंत्रज्ञाचे काम होते, आता त्यासाठी प्रतिमा ओळखणारे संगणकीय जाळे वापरतात. बाद झालेल्या डाय वेफरवर कुठे पडल्या आहेत याचा नकाशाही बोलका असतो. कडेने वलय, मध्यभागी पुंजका, आडवा ओरखडा यांतून कोणत्या यंत्राने किंवा हाताळणीने घोटाळा केला याचा माग लागतो. या कामासाठी खुल्या करण्यात आलेल्या एका प्रसिद्ध संचात ८,११,४५७ वेफरचे नकाशे आहेत.

यानंतर वेफर पातळ केला जातो. मूळची सुमारे ७७५ मायक्रोमीटर जाडी मागच्या बाजूने घासून १०० मायक्रोमीटरच्या खाली आणली जाते. एकावर एक रचायच्या मेमरी चिपसाठी ती ५० मायक्रोमीटर किंवा त्याहूनही कमी असते. मग हिऱ्याची कणी बसवलेल्या फिरत्या पात्याने, लेझरने किंवा प्लाझ्माने डाय वेगळ्या केल्या जातात. पात्याने कडा दातेरी होते, आणि त्या दातऱ्यातून पुढे कधीतरी तडा आत सरकतो. एक लेझर पद्धत पृष्ठभागाला न शिवता सिलिकॉनच्या पोटात कमकुवत रेघ तयार करते. त्यानंतर वेफरला खालून चिकटवलेली फीत ताणली की डाय आपोआप सुट्या होतात. सुटी झालेली डाय चांदीमिश्रित इपॉक्सीने, चिकट फिल्मने किंवा सोल्डरने बैठकीवर बसते. इथे पोकळी राहिली तर उष्णतेची वाट अडते, म्हणून विजेचा मोठा भार पेलणाऱ्या चिपमध्ये हा थर क्ष-किरणांखाली पाहिला जातो.

विद्युतजोडणीची सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक चालणारी पद्धत तारेची आहे. बेल प्रयोगशाळेने १९५७ मध्ये उष्णता व दाबाने तार चिकटवण्याची रीत मांडली, पुढे तिला श्राव्यातीत कंपनांची जोड मिळाली. एक तार कशी लागते ते जवळून पाहण्यासारखे आहे. कॅपिलरी नावाच्या सिरॅमिकच्या पोकळ सुईतून सोन्याची किंवा तांब्याची साधारण २० मायक्रोमीटर जाडीची, केसाहून कितीतरी बारीक तार खाली येते. टोकाला ठिणगी पडते आणि वितळलेला धातू पृष्ठताणाने गोळीसारखा गोल होतो. सुई ती गोळी तापलेल्या पॅडवर दाबते आणि त्याच क्षणी तिला कंपने देते. धातूंवरचे ऑक्साइडचे थर फाटतात आणि दोन धातू एकमेकांत रुततात. सुई वर उठते, हवेत ठरलेली कमान काढते, बैठकीच्या पायावर उतरते, तार तिथे टाचते आणि तोडते. असे आधुनिक यंत्र सेकंदाला दहाहून अधिक तारा लावते.

या सांध्याचा दोष रसायनातून येतो. सोन्याची तार आणि अॅल्युमिनियमचा पॅड यांच्यात उष्णतेने मिश्रधातूंचे थर वाढतात. त्यांतला एक जांभळा दिसतो, म्हणून जुन्या तंत्रज्ञांनी या विकाराला जांभळा प्लेग असे नाव दिले. एक धातू दुसऱ्यापेक्षा वेगाने पसरत असल्याने मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि शेवटी सांधा उचकटतो. सोने महागल्यावर तांबे आले. ते चांगले वाहक आहे, पण कठीण असल्यामुळे गोळी दाबताना पॅडखालच्या नाजूक थरांना तडे जाण्याचा धोका वाढला. हवेत ते ऑक्सिडाइज होते म्हणून ठिणगी पडताना हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनचा झोत द्यावा लागतो. तपासणी मात्र तुलनेने सोपी राहिली. तार दिसते, कॅमेऱ्याने तिची कमान मोजता येते, नमुन्यादाखल काही तारा आकड्याने ओढून किंवा गोळ्या आडव्या ढकलून किती बळाला सुटतात ते पाहता येते. तार ओढण्याची चाचणी अमेरिकी लष्करी मानक मिल-एसटीडी-८८३ मध्ये नेमून दिलेली आहे.

तारांनंतर मोल्डिंग. सिलिकाची पूड भरलेले इपॉक्सी सुमारे १७५ अंश सेल्सिअसला साच्यात दाबले जाते आणि चिपला ओळखीचे काळे अंग येते. या मिश्रणाच्या लोंढ्याने तारा वाकून एकमेकींना टेकू शकतात. ते क्ष-किरणात दिसते. त्याहून घातक दोष ओलाव्याचा. प्लास्टिक हवेतली वाफ हळूहळू शोषते. पुढे चिप विद्युतमंडलाच्या पाटीवर सोल्डर करताना तापमान २६० अंशांपर्यंत जाते, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि थर सुटतात किंवा अंग फुटते. म्हणून अशा चिप शोषक पुडीसह बंद पिशवीत येतात आणि पिशवी फोडल्यावर किती तासांत वापरायच्या हे वर छापलेले असते. एका प्रचलित वर्गासाठी ही मुदत १६८ तासांची आहे.

सुटलेला थर बाहेरून दिसत नाही, आणि क्ष-किरणांनाही तो सहसा सापडत नाही, कारण तिथे कोणताच पदार्थ कमी झालेला नसतो. फक्त दोन थरांमध्ये केसभराहूनही बारीक फट पडलेली असते. तिथे ध्वनी उपयोगी पडतो. मडके घेताना ते वाजवून पाहतात, तेच तत्त्व इथे अतिसूक्ष्म पातळीवर वापरले जाते. चिप पाण्यात बुडवतात, वरून भिंगाने एकवटलेला श्राव्यातीत नाद सोडतात. त्याची वारंवारता दहा-पंधरापासून दोनशेहून अधिक मेगाहर्ट्झपर्यंत असते. घन पदार्थातून जाणारा नाद हवेच्या फटीला भिडला की जवळजवळ पूर्ण परततो आणि परतताना त्याची लाट उलटी होते. भिंग रेघेरेघेने पुढे सरकत जाते आणि परतलेल्या लाटांवरून हव्या त्या खोलीचा नकाशा तयार होतो. जिथे लाट उलटली तिथे थर सुटलेला. नग न फोडता त्याच्या पोटातली फट दाखवणारे याहून विश्वासाचे साधन अजून नाही. मात्र वारंवारता वाढवली की बारकावा वाढतो आणि खोली घटते. जाड किंवा अनेक थरांच्या वेष्टनात ही तडजोड त्रासदायक ठरते.

तारा डायच्या फक्त कडेने लावता येतात. हजारो जोड हवे असतील तर डायचा सगळा पृष्ठभाग वापरावा लागतो. आयबीएमने १९६०च्या दशकात डाय पालथी घालून सोल्डरच्या ठिपक्यांवर बसवण्याची फ्लिप चिप पद्धत आणली. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण डायला स्वतःच नेमक्या जागी खेचून घेतो, ही या पद्धतीची सुंदर बाजू. पण इथे सांधा दोन पृष्ठभागांच्या मध्ये गडप झाला आणि डोळ्यांनी पाहण्याची सोय संपली. शिवाय सिलिकॉन तापल्यावर फार थोडे प्रसरण पावते आणि खालची सेंद्रिय पाटी त्याच्या पाचपटीहून अधिक. संगणक चालू-बंद होताना दर वेळी ठिपक्यांना हा ताण सोसावा लागतो. तो वाटून घेण्यासाठी मध्ये अंडरफिल नावाचे राळेसारखे द्रव्य भरतात. युरोपीय संघाच्या नियमांनी १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले. कथील-शिशाचे मिश्रण १८३ अंशांना वितळे. त्याच्या जागी आलेली मिश्रणे २१७ अंशांच्या पुढे वितळणारी आणि अधिक कठीण होती. पदार्थांची निवड किती महाग पडू शकते ते जुलै २००८ मध्ये दिसले. लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपच्या डाय व वेष्टनाच्या पदार्थांत कमजोरी असल्याचे सांगत एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च जाहीर केला. चिप कारखान्यातून चांगल्याच निघाल्या होत्या, त्या तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी मोडल्या.

वेष्टन स्वतःच दोषाचे मूळ असू शकते, याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण १९७८ मधले आहे. मेमरी चिपमधले बिट कारण नसताना पालटत होते. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले की सिरॅमिक वेष्टनात युरेनियम व थोरियमचे अत्यल्प अंश होते आणि त्यांतून निघणारे अल्फा कण मेमरीच्या कप्प्यातला विद्युतभार बिघडवत होते. चिपमध्ये काहीही तुटलेले नव्हते, त्यामुळे कोणत्याही सूक्ष्मदर्शकात काही दिसले नसते. तेव्हापासून वेष्टनाच्या पदार्थांची किरणोत्सारी शुद्धताही मोजली जाते.

आता चिपलेटकडे, म्हणजे मोठी चिप फोडून केलेल्या लहान तुकड्यांकडे, वळता येते. आठ चौरस सेंटिमीटरची एक डाय करण्याऐवजी दोन-दोनच्या चार केल्या, तर वर दिलेल्या गणिताने प्रत्येकीचा उतारा ८२ टक्के. परंतु न तपासता चार जोडल्या तर चारही चांगल्या असण्याची शक्यता ०.८२चा चौथा घात, म्हणजे पुन्हा ४५ टक्केच. फायदा होतो तो फक्त प्रत्येक डाय आधी तपासून, चांगली ठरलेलीच जोडली तर. चिपलेटचे सारे अर्थकारण चाचणीवर उभे आहे, ही गोष्ट या तंत्राच्या गौरवात बरेचदा मागे पडते. जोडणीची पायरीही बिनचूक लागते. पन्नास पायऱ्या प्रत्येकी ९९ टक्के यशस्वी झाल्या तरी शेवटी ६० टक्केच माल हाती येतो, आणि वाया जाणाऱ्या चाळीस टक्क्यांबरोबर चांगल्या ठरलेल्या महागड्या डायही जातात.

झायलिंक्स कंपनीने २०११ मध्ये बाजारात आणलेल्या व्हर्टेक्स-७ २०००टी या चिपमध्ये चार डाय सिलिकॉनच्या एका पाटीवर, इंटरपोझरवर, शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या आणि त्यांत मिळून ६८० कोटी ट्रान्झिस्टर होते. तैवानच्या टीएसएमसीची ही कोवॉस पद्धत आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपचा कणा आहे. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एचबीएम मेमरीत आठ-बारा पातळ डाय एकावर एक रचून, सिलिकॉनमधून आरपार गेलेल्या तांब्याच्या खांबांनी जोडलेल्या असतात. हायब्रिड बाँडिंगमध्ये सोल्डरही उरत नाही. तांबे तांब्याला आणि ऑक्साइड ऑक्साइडला सरळ चिकटते. सोनीने २०१६ मध्ये कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये आणि एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये ही पद्धत बाजारात आणली. एएमडीच्या जोडांमधले अंतर अवघे ९ मायक्रोमीटर आहे. इथे पृष्ठभाग नॅनोमीटरच्या मापाने सपाट हवा. मध्ये एक मायक्रोमीटरचा कण अडकला तरी त्याच्याभोवती त्याच्या कित्येक पटींनी रुंद भाग न चिकटता राहतो. जोडणीच्या दालनालाही म्हणूनच फॅबसारखी स्वच्छता लागू लागली. अशा पोकळ्या अवरक्त प्रकाशाने दिसू शकतात, कारण साधारण १.१ मायक्रोमीटरपेक्षा लांब तरंगांना सिलिकॉन पारदर्शक असते. आरपार खांबांतल्या रिकाम्या जागांसाठी क्ष-किरणांचे त्रिमितीय चित्रण करतात. ते अचूक आहे पण वेळखाऊ, त्यामुळे प्रत्येक नगासाठी वापरणे कठीण.

दिसण्यावर विसंबणाऱ्या तपासणीला अशी मर्यादा आहे, म्हणून अखेरचा निवाडा विद्युतचाचणी करते. वेफरवर हजारो सुया टेकवून डाय चालवून पाहिली जाते. वेष्टनानंतर पुन्हा एकदा, गरम आणि थंड तापमानालाही, तिची परीक्षा होते. अब्जावधी ट्रान्झिस्टरांच्या सगळ्या स्थिती तपासणे अशक्य असल्याने चाचणी ठरावीक दोष गृहीत धरून रचतात. एखादी तार कायम शून्यावर किंवा एकवर अडकली आहे, हे त्यांतले सर्वांत जुने गृहीतक. आयबीएमच्या आयकेलबर्गर आणि विल्यम्स यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या रचनेत चिपमधले स्मृतिघटक चाचणीपुरते एका साखळीत ओवले जातात, म्हणजे बाहेरून हवी ती स्थिती आत ढकलता येते आणि निकाल बाहेर ओढता येतो. आज हीच कल्पना सर्वत्र वापरली जाते. रचलेल्या डायच्या चाचणीसाठी २०१९ मध्ये आयईईई १८३८ हे वेगळे मानकही आले.

वाहनांसाठीच्या चिपना आणखी कडक कसोटी लागते. सुप्त दोष लवकर बाहेर काढण्यासाठी नग वाढीव विद्युतदाबावर आणि सुमारे १२५ अंशांना काही तास चालवतात. कच्चे असतील ते तिथेच मोडतात. ठरलेल्या मर्यादेत बसणारा, पण त्याच वेफरवरच्या भावंडांपेक्षा लक्षणीय वेगळा वागणारा नगही बाद करतात. चारी बाजूंनी बिघडलेल्या डायने वेढलेली चांगली डायसुद्धा कधीकधी टाकून देतात. हे कठोर वाटेल, पण ब्रेक सांभाळणाऱ्या चिपच्या बाबतीत ते योग्यच आहे. जो नग तरीही मोडतो, तो प्रयोगशाळेत जातो. तिथे वाफाळत्या नायट्रिक आम्लाने वेष्टन विरघळवतात, गळती होणारी जागा उष्णतेच्या चित्रणाने शोधतात, आयनांच्या झोताने तिथे काप घेतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूळ कारण पाहतात.

जोडणी व चाचणीचे काम आजही मुख्यतः तैवान, चीन, मलेशिया आणि कोरिया येथे चालते. तैवानच्या काओशुंगची एएसई आणि कोरियात मूळ असलेली अॅमकोर या मोठ्या कंत्राटी कंपन्या आहेत. भारतात मोहालीच्या सरकारी संकुलात १९८४ पासून उत्पादन होत होते, १९८९च्या आगीने ते कोलमडले. अलीकडच्या मंजुऱ्यांत जोडणी-चाचणीचे प्रकल्प जास्त आहेत. अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीचा साणंदचा, टाटांचा आसामातल्या जागीरोडचा २७,००० कोटींचा, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या सीजी पॉवरचा जपानच्या रेनेसास व थायलंडच्या स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांच्यासह साणंदचाच ७,६०० कोटींचा. इमारत आणि यंत्रे पैशाने येतात. ध्वनिचित्रातला करडा डाग खरा की भासमान हे सांगणारे तंत्रज्ञ घडवायला वर्षे लागतात, आणि या प्रकल्पांचा उतारा त्यांच्यावरच अवलंबून राहील.

एवढ्या गाळण्या लावूनही काही दोष निसटतात. २०२१ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी नोंदवले की काही हजार यंत्रांमागे काही मोजके प्रोसेसर-कोअर अधूनमधून चुकीचे उत्तर देतात, तेही कोणतीही सूचना न देता. त्याच वर्षी फेसबुकच्या अभियंत्यांनी असा एक कोअर तपशिलाने मांडला. १.१चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला की १५६ यायला हवे. तो कोअर शून्य देत होता. त्यामुळे फाइलचा आकार शून्य समजला जाई आणि माहिती गहाळ होई. घातांक थोडा बदलला की उत्तर बरोबर येई. कारखान्यातल्या काही सेकंदांच्या चाचणीत असा दोष पकडला जाणे अवघड, कारण तो विशिष्ट आकडे, विशिष्ट तापमान आणि विद्युतदाब जुळून आल्यावरच प्रकटतो. म्हणून मोठ्या डेटा सेंटरमध्ये आता चालू यंत्रांवरच ठरावीक काळाने चाचण्या घेतल्या जातात, संशयित कोअर कामातून वेगळे काढले जातात, आणि नव्या चिपमध्ये तापमान, विद्युतदाब व विलंब मोजत राहणारे छोटे संवेदक आधीच बसवले जातात.